महागाई वाढ बंद झालेली नाही. मग पेन्शनरांच्या हातून गेले काय?

नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. बँकेच्या बाकावर, टपाल कार्यालयाच्या खिडकीपाशी, नाहीतर घरीच मोबाइलसमोर चेहरा धरून ‘जीवन प्रमाण’ काढताना देशभरातले निवृत्त कर्मचारी आपण अजून आहोत, हे सरकारला कळवत असतात. यंदा नेमक्या याच महिन्यात पेन्शनरांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरू लागला. वित्त कायदा 2025 नुसार निवृत्त कर्मचाऱ्यांची महागाई वाढ बंद झाली असून यापुढे वेतन आयोगाचा लाभही त्यांना मिळणार नाही, असे त्यात म्हटले होते. ज्यांच्या घरात दरमहा येणारी एकच रक्कम म्हणजे पेन्शन, त्यांच्या पोटात गोळा यायला एवढे पुरेसे होते.

पत्र सूचना कार्यालयाच्या ‘फॅक्ट चेक’ विभागाने हा संदेश खोटा असल्याचे जाहीर केले, आणि तो खोटाच होता. महागाई वाढ कोणत्याही कायद्याने थांबलेली नाही. पण संदेश खोटा ठरला म्हणजे काहीच बदललेले नाही, हा त्यावरून काढलेला निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. वित्त कायदा 2025 मध्ये केंद्रीय पेन्शनरांविषयी एक तरतूद खरोखर आहे. तिचा परिणाम या महिन्याच्या पेन्शनवर होणार नाही. आठव्या वेतन आयोगाचा अहवाल येईल तेव्हा मात्र तो होऊ शकतो. अफवेने भलतीच गोष्ट सांगितली. खुलाशाने ती खोडली, पण खरी गोष्ट सांगितली नाही. आज 17 डिसेंबर, पेन्शनर दिन. हा दिवस ज्या निकालामुळे पाळला जातो, त्या निकालाचीच धार या तरतुदीने बोथट केली आहे.

दोन वेगळ्या गोष्टी

या विषयातला निम्मा गोंधळ दोन गोष्टी एकच समजल्याने होतो. पहिली गोष्ट महागाई वाढ. नोकरीत असलेल्यांना मिळतो तो महागाई भत्ता आणि निवृत्तांना मिळते ती महागाई वाढ. टक्का दोघांचा सारखाच असतो. दुसरी गोष्ट पेन्शनची सुधारणा, म्हणजे साधारण दहा वर्षांनी वेतन आयोग येतो तेव्हा मूळ पेन्शनच नव्याने ठरवणे.

महागाई वाढीमुळे पेन्शनर होता तिथे टिकून राहतो. डाळीचा भाव वाढला तर तेवढीच डाळ पुढेही घेता यावी, एवढेच तिचे काम. पेन्शनची सुधारणा हा त्यापुढचा प्रश्न आहे. त्या पदावर आज काम करणाऱ्याचा पगार वाढला, राहणीमान वाढले, तर तेच काम वीस वर्षांपूर्वी करून गेलेल्याची पेन्शन त्या प्रमाणात वर यायची की नाही, हा तो प्रश्न. व्हॉट्सअॅपवरचा संदेश दोन्ही बंद झाल्याचे सांगत होता. कायद्याने हात घातला आहे तो फक्त दुसऱ्या गोष्टीला, आणि तोही ‘बंद’ असे कुठेही न म्हणता.

58 टक्के आले कुठून?

केंद्राची महागाई वाढ 1 जुलै 2025 पासून 58 टक्के झाली. त्याआधी ती 55 टक्के होती. 1 ऑक्टोबर 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन टक्क्यांची वाढ मंजूर केली. तिचा लाभ 49.19 लाख कर्मचाऱ्यांना आणि 68.72 लाख पेन्शनरांना मिळेल आणि तिजोरीवर वर्षाला 10,083.96 कोटी रुपयांचा भार पडेल, असे सरकारने तेव्हा सांगितले. म्हणजे हा टक्का घेणाऱ्यांत नोकरीत असलेल्यांपेक्षा निवृत्तांची संख्या बरीच मोठी आहे.

हा टक्का कोणा मंत्र्याच्या मनात येईल तसा ठरत नाही. श्रम ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढते. देशातील 88 औद्योगिक केंद्रांमधील 317 बाजारांतून त्यासाठी भाव गोळा केले जातात. या केंद्रांत मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर, नाशिक आहेत. मागच्या बारा महिन्यांच्या निर्देशांकाची सरासरी काढायची, ती 2016 च्या मालिकेतली असल्याने 2.88 ने गुणून जुन्या मालिकेत आणायची आणि सातव्या वेतन आयोगाच्या वेळच्या 261.42 या पायापेक्षा ती किती टक्के वर गेली ते पाहायचे.

जुलै 2024 ते जून 2025 या बारा महिन्यांची सरासरी साधारण 143.57 येते. 2.88 ने गुणल्यावर ती 413.47 होते. 261.42 पासून ही वाढ 58.16 टक्के. अपूर्णांक सोडून द्यायचा असतो, म्हणून 58. हा हिशेब कोणीही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहू शकतो, आणि सहा महिन्यांनी येणाऱ्या वाढीचे ‘खात्रीलायक’ आकडे विकणाऱ्या यूट्यूब वाहिन्यांपेक्षा तो केव्हाही बरा.

रुपयांत पाहिले तर केंद्राची किमान पेन्शन 9,000 रुपये आहे. तिच्यावर 58 टक्के म्हणजे 5,220 रुपये, एकूण 14,220. मूळ पेन्शन 20,000 असेल तर वाढ 11,600 आणि हाती 31,600 रुपये. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असतील, ज्याला सरकारी भाषेत अंशराशीकरण म्हणतात, तरी महागाई वाढ कापलेल्या नव्हे तर पूर्ण मूळ पेन्शनवर मोजली जाते. बँकेकडून इथे कधी चूक होते, म्हणून खातेपुस्तकातला आकडा एकदा ताडून पाहणे चांगले.

या मोजमापात एक उणीव आहे. निर्देशांक ज्या घराच्या खर्चावर बेतला आहे ते घर कारखान्यातल्या कामगाराचे. त्यात खाण्यापिण्याचा वाटा 39.17 टक्के, घरभाड्याचा 16.87 टक्के. सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याचा खर्च असा नसतो. तिथे रक्तदाब-मधुमेहाची औषधे, तपासण्या, रात्रीची बाई आणि रुग्णालयापर्यंतची रिक्षा हाच मोठा खर्च असतो. वृद्धांच्या खर्चाचा स्वतंत्र निर्देशांक महागाई वाढीसाठी वापरला जात नाही. 80 वर्षांनंतर केंद्र मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के जास्तीची भर घालते, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला 100 टक्के. पण औषधांचा खर्च काही ऐंशीव्या वाढदिवसाची वाट पाहत थांबत नाही.

वाढ हक्काची की मर्जीची?

सूत्र ठरलेले आहे, दर सहा महिन्यांनी आदेश निघतो, म्हणून ती हक्काची आहे असे बहुतेक पेन्शनर मानतात. पेन्शनच्या नियमांत महागाई वाढीचा उल्लेख जरूर आहे. पण तिचा दर आणि तिच्या अटी केंद्र सरकार वेळोवेळी ठरवील, असेच तो नियम म्हणतो. अमुक निर्देशांक चढला की तमुक टक्के आपोआप मिळतील, असे संसदेने कायद्यात लिहून दिलेले नाही. सूत्र वेतन आयोगाच्या शिफारशीतून आले आणि सरकारी आदेशाने चालते.

याचा अर्थ काय होतो, हे करोनाच्या वर्षांत कळले. 23 एप्रिल 2020 च्या आदेशाने जानेवारी 2020, जुलै 2020 आणि जानेवारी 2021 असे तीन हप्ते गोठवण्यात आले. टक्का 17 वरच थांबला. जुलै 2021 मध्ये तो एकदम 28 वर नेण्यात आला, पण मधल्या 18 महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. त्यातून 34,402.32 कोटी रुपये वाचले, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. 20,000 रुपये मूळ पेन्शन असलेल्याच्या बाजूने हिशेब केला तर पहिल्या सहा महिन्यांत दरमहा चार टक्के, पुढच्या सहांत सात आणि शेवटच्या सहांत अकरा टक्के गेले. हे सगळे मिळून 26,400 रुपये होतात. थकबाकी देणे शक्य नाही, हेच उत्तर त्यानंतर संसदेत पुन्हा पुन्हा आले आहे.

साथीच्या काळात सरकारच्या तिजोरीवर ताण होता, हे कोणी नाकारत नाही. पण त्या काळात निवृत्तांचा दवाखान्याचा खर्च कमी झाला नव्हता. महागाई वाढीला आज धोका नाही. मात्र ती एका आदेशाने थांबू शकते, हे एकदा घडून गेले आहे आणि त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागला नव्हता.

नाकारा निकाल काय होता?

आता दुसरी गोष्ट, पेन्शनची सुधारणा. तिची कथा 1979 मध्ये सुरू होते. त्या वर्षी 25 मे रोजी केंद्राने पेन्शनचे सूत्र उदार केले. आधी शेवटच्या 36 महिन्यांच्या सरासरी पगारावर पेन्शन ठरे. आता ती शेवटच्या 10 महिन्यांवर ठरू लागली आणि कमाल मर्यादाही वाढली. मात्र हा लाभ 31 मार्च 1979 रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच होता. आदल्या दिवशी निवृत्त झालेला जुन्या सूत्रात अडकला.

डी. एस. नाकारा आणि इतर अर्जदार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 17 डिसेंबर 1982 रोजी निकाल दिला. तो न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिला. पेन्शन ही सरकारने खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही, तर केलेल्या सेवेचा मोबदला आहे. सगळे पेन्शनर हा एक वर्ग आहे आणि केवळ निवृत्तीच्या तारखेची रेघ ओढून त्याचे दोन तुकडे करणे समानतेच्या हक्काला धरून नाही, असा त्याचा आशय होता. पेन्शनर दिन पाळला जातो तो या निकालासाठी.

पुढच्या वर्षांत न्यायालयानेच या निकालाची व्याप्ती आवळली, हेही सांगायला हवे. भविष्य निर्वाह निधीचा पर्याय घेतलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या 1990 च्या प्रकरणात घटनापीठाने त्यांना पेन्शनरांच्या पंगतीला बसवायला नकार दिला. सरकारला खर्चाचा विचार करून तारीख ठरवता येते, असे म्हणणारे निकालही आले. तरीही आधीचा आणि नंतरचा असा भेद झाला की पेन्शनर संघटना नाकारा निकाल हातात घेऊन न्यायालयाची पायरी चढत, आणि बऱ्याचदा काहीतरी मिळवून परत येत.

वादाची ठिणगी

असाच एक लढा सहाव्या वेतन आयोगावरून झाला. त्या आयोगाची वेतनश्रेणी 1 जानेवारी 2006 पासून लागू झाली. त्याआधी निवृत्त झालेल्यांची पेन्शन ज्या पद्धतीने वाढवली गेली, तिच्यामुळे त्याच पदावरून नंतर निवृत्त झालेल्यांपेक्षा ती कमी राहिली. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या न्यायालयांत दाद मागितली. निवृत्त आयपीएस अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये पेन्शनरांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, पण ऑक्टोबर 2024 मध्ये तिथेही यश मिळाले नाही.

सातव्या आयोगाने दरम्यान हा भेद मिटवला होता. 2016 पूर्वी निवृत्त झालेल्यांची पेन्शन एकतर 2.57 ने गुणायची, नाहीतर ते आज नोकरीत असते तर त्यांचा पगार किती झाला असता हे नव्या तक्त्यात बसवून त्याच्या निम्मी धरायची. यांतले जे जास्त ते द्यायचे, असे ठरले. म्हणजे जुन्या जखमेवर खपली धरली होती. पण 2006 ते 2015 या काळातल्या फरकाची देणी न्यायालयाच्या निकालांमुळे सरकारच्या दारात उभी राहिली होती.

कायद्याने काय केले?

सरकारने मार्ग काढला तो वित्त विधेयकातून. 25 मार्च 2025 रोजी लोकसभेने, 27 मार्चला राज्यसभेने मंजुरी दिली आणि महिना संपण्याआधी राष्ट्रपतींची स्वाक्षरी होऊन कायदा झाला. केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांना आणि पेन्शनवरील खर्चाच्या तत्त्वांना वैधता देणारा एक स्वतंत्र भाग या कायद्यात आहे. त्याचा सारांश असा : पेन्शनरांचे वर्गीकरण करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि तो पूर्वीपासूनच होता असे मानले जाईल. वेतन आयोगाच्या स्वीकारलेल्या शिफारशींनुसार पेन्शनरांमध्ये भेद करता येईल. विशेषतः निवृत्तीच्या तारखेवरून, किंवा शिफारशी ज्या तारखेपासून लागू होतात त्या तारखेवरून तो करता येईल. आणि हे सगळे 1 जून 1972 पासून लागू समजायचे. जुने पेन्शन नियम ज्या दिवशी अमलात आले, तोच हा दिवस.

‘पूर्वीपासूनच होता’ हे यातले सर्वांत वजनदार शब्द. न्यायालयाचा निकाल आवडला नाही तर कायद्याचा पायाच मागच्या तारखेपासून बदलायचा, हा मार्ग संसदेला खुला असतो आणि तो याआधीही अनेकदा वापरला गेला आहे. इथे फरक एवढाच की पलीकडची बाजू एखादी कंपनी किंवा करदाता नाही. ज्यांचे सरासरी वय सत्तरीच्या आसपास असेल आणि ज्यांतले अनेक जण निकालाची वाट पाहतच गेले, असे माजी कर्मचारी आहेत.

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सरकारची बाजू मांडली. ही तरतूद म्हणजे आधीपासून चालत आलेल्या धोरणाला दिलेली वैधता आहे, नागरी पेन्शनरांना आज जे मिळते त्यात तिने काही बदल होत नाही आणि संरक्षण दलांच्या पेन्शनला ती लागू नाही, असे त्यांनी सांगितले. सरकारच्या बाजूने आणखीही बोलता येते. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पेन्शनसाठी पावणेतीन लाख कोटी रुपयांच्या आसपास तरतूद आहे. प्रत्येक आयोगानंतर वीस-वीस वर्षे खटले चालणार आणि खर्चाचा आकडा न्यायालयातून ठरणार, हे कोणत्याही अर्थ खात्याला परवडणारे नाही. पैसा देशाच्या एकत्रित निधीतून जातो, तेव्हा तो कसा खर्चावा हे संसदेने ठरवावे, यातही तथ्य आहे.

पण मग संसदेने ते उघडपणे ठरवायला हवे होते. इतका जुना वाद मिटवणारा कायदा स्वतंत्र विधेयक म्हणून आणता आला असता, स्थायी समितीकडे पाठवता आला असता, पेन्शनर संघटनांना बोलावून ऐकता आले असते. तसे न होता तो कराच्या कलमांबरोबर वित्त विधेयकात गेला. वित्त विधेयक हे धन विधेयक असल्याने राज्यसभेला त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकारच नसतो. लाखो वृद्धांच्या हक्काचा प्रश्न मार्चअखेरच्या घाईत दोन-तीन दिवसांत आटोपला. मग नोव्हेंबरमध्ये अफवा पसरली तर त्याचा सगळा दोष व्हॉट्सअॅपला कसा देणार?

नियमांतला आणखी एक बदल या अफवेत मिसळला गेला. मे 2025 मध्ये पेन्शन नियमांत दुरुस्ती झाली. सरकारी खात्यातून सार्वजनिक उपक्रमात कायमचे सामावून घेतलेल्या कर्मचाऱ्याला उपक्रमाने गैरवर्तनाबद्दल बडतर्फ केले, तर सरकारी सेवेच्या काळाचे निवृत्तिलाभही जप्त होऊ शकतात, अशी ती आहे. पत्र सूचना कार्यालयाचा खुलासा प्रामुख्याने या दुरुस्तीवर होता. ती मोजक्यांना लागू आहे.

एका महिन्याचा फरक

या कायद्याचा अर्थ आठव्या वेतन आयोगाच्या संदर्भात कसा लागेल, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहता येईल. दोघे सहकारी, एकाच पदावर, दोघांचा मूळ पगार 60,000 रुपये. एक 31 डिसेंबर 2025 ला निवृत्त झाला, दुसरा 31 जानेवारी 2026 ला. समजा, नवा आयोग 1 जानेवारी 2026 पासून लागू झाला आणि मूळ पगार दुप्पट झाला. हा दुप्पट आकडा केवळ हिशेबापुरता. दुसऱ्याचा पगार 1,20,000 होऊन पेन्शन 60,000 ठरेल. महागाई वाढ नव्या आयोगाबरोबर पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे सुरुवातीला त्याला तेवढेच मिळतील.

पहिल्याची पेन्शन जुन्या हिशेबाने 30,000. सातव्या आयोगासारखी समानता दिली गेली तर तीही 60,000 होईल. ती दिली गेली नाही तर त्याला 30,000 आणि 58 टक्के धरून महागाई वाढ, म्हणजे 47,400 रुपये मिळत राहतील. त्याची महागाई वाढ बंद झालेली नाही. पण एका महिन्याच्या अंतराने दोघांत दरमहा 12,600 रुपयांची दरी पडली. अशी दरी पडली असती तर आजवर पहिल्याला न्यायालयात जाऊन ‘तारखेवरून भेद का?’ असे विचारता येत होते. आता त्याला उत्तर मिळेल, की तारखेवरून भेद करण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे.

भेद केलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. करता येईल, असे म्हणतो. सरकार सातव्या आयोगासारखीच समानता पुन्हा देऊ शकते. मात्र यापुढे समानता ही न्यायालयातून मागायची गोष्ट राहणार नाही, सरकारने द्यायची गोष्ट होईल. पेन्शनरांच्या हातून गेले आहे ते हे. खुद्द या तरतुदीला घटनेच्या समानतेच्या कलमाखाली आव्हान देण्याचा मार्ग अर्थातच खुला आहे, पण ती लढाई आधीच्यांपेक्षा अवघड आणि लांबीची.

आयोगाकडून काय कळते?

आठव्या आयोगाची घोषणा 16 जानेवारी 2025 ला झाली. न्या. रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. कार्यकक्षा 28 ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने मंजूर केली आणि 3 नोव्हेंबरला ती अधिसूचित झाली. अहवालासाठी 18 महिने आहेत, म्हणजे 2027 च्या मध्यापर्यंत. संघटनांचे दोन आक्षेप आहेत. शिफारशी कोणत्या तारखेपासून लागू होणार हे कार्यकक्षेत नाही. दुसरे म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वर्गणीविना चालणाऱ्या पेन्शन योजनांचा, ज्यासाठी वेगळा निधी साठवलेला नाही असा खर्च लक्षात घ्यावा, असे आयोगाला सांगितले आहे. जुन्या पेन्शनरांकडे ‘खर्च’ म्हणून पाहायची ही सुरुवात तर नाही ना, अशी शंका त्यातून येते. आयोग पेन्शनविषयीही शिफारशी करील, असे उत्तर सरकारने याच महिन्यात संसदेत दिले आहे. महागाई भत्ता मूळ पगारात विलीन करण्याचा प्रस्ताव नसल्याचेही सांगितले गेले.

महाराष्ट्रातील पेन्शनरांचे काय?

वित्त कायद्यातली तरतूद केंद्रीय नागरी पेन्शनरांपुरती आहे. मंत्रालय, जिल्हा परिषद, अनुदानित शाळा यांतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन राज्याच्या 1982 च्या नियमांनी चालते. तिला हा कायदा थेट लागू नाही. पण राज्य बहुतेक वेळा केंद्राच्या मागोमाग, काही महिन्यांच्या अंतराने जाते. केंद्राने जानेवारी 2025 पासून दिलेल्या 55 टक्क्यांचा राज्याचा आदेश ऑगस्टमध्ये निघाला. सातवा वेतन आयोग तर 2016 पासून लागू असला तरी राज्यात प्रत्यक्ष यायला 2019 उजाडले. केंद्राने आठव्या आयोगात तारखेची रेघ ओढली, तर ती मुंबईत पुसली जाईल असे मानायला फारसा आधार नाही.

1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सेवेत आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या वाट्याला वर्गणीची पेन्शन आली. बाजारातल्या निधीतून घेतलेल्या वार्षिकीवर महागाई वाढ मिळत नाही, हे त्यांचे मोठे दुखणे होते. मार्च 2023 मध्ये राज्यातील सरकारी कामकाज आठवडाभर ठप्प झाले ते याच मुद्द्यावर. केंद्राने 24 ऑगस्ट 2024 रोजी एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. 25 वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि तिच्यावर महागाई वाढ, असे केंद्राच्या योजनेचे रूप आहे. केंद्रात 1 एप्रिल 2025 पासून ती लागू झाली. सुमारे 23 लाख कर्मचाऱ्यांपुढे पर्याय होता. 30 नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत तो घेणारे सव्वा लाखाच्या आसपासच निघाले.

आणि या सगळ्या चर्चेत जे बसतच नाहीत असेही निवृत्त आहेत. एसटी महामंडळातून निवृत्त झालेला चालक, सहकारी साखर कारखान्यातला फिटर, यांची पेन्शन 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून येते. तिथे किमान पेन्शन 1,000 रुपये आहे. सप्टेंबर 2014 मध्ये ती 1,000 होती, आजही 1,000 आहे, कारण या योजनेत महागाई वाढच नाही. केंद्रीय पेन्शनरांसाठी वापरला जाणारा तोच निर्देशांक लावला तर 2014 च्या 1,000 रुपयांची आजची खरेदीची ताकद सुमारे 600 रुपये उरते. या पेन्शनरांचे आंदोलन बुलढाण्यातून उभे राहून देशभर पोहोचले. त्यांची मागणी दरमहा 7,500 रुपये आणि त्यावर महागाई वाढ अशी आहे. केंद्रीय पेन्शनरांच्या गटावर 58 टक्क्यांवरून वाद रंगलेला असतो, तेव्हा त्याच गल्लीतल्या एसटीच्या निवृत्त वाहकाला शून्य टक्के मिळत असतात.

आता पाहायचे काय?

पेन्शनरांनी पुढच्या दीड वर्षात तीन कागदांकडे लक्ष ठेवायचे आहे. पहिला, जानेवारी 2026 च्या महागाई वाढीचा आदेश. त्यासाठी जानेवारी ते डिसेंबर 2025 या काळाचा निर्देशांक मोजला जाईल आणि डिसेंबरचा आकडा जानेवारीअखेर येईल, तेव्हा टक्का कळलेला असेल. दुसरा, आयोगाच्या अहवालातले 2026 पूर्वीच्या पेन्शनरांविषयीचे प्रकरण. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, अहवाल स्वीकारल्यानंतर निघणारा सरकारी आदेश. भेद करायचा की नाही हे अहवालात नव्हे, तिथे ठरेल. संघटनांना आपले म्हणणे मांडायचे असेल तर ते आयोगासमोर आताच मांडावे लागेल.